परिशिष्टांसह राजीनामा

माझ्या राजीनाम्याचा पहिला मसुदा जेमतेम अर्ध्या पानाचा होता. दरवर्षी त्यात भर पडत गेली. एका वर्षी माझ्यामागून आलेल्या गृहस्थांना विभागप्रमुख करण्यात आले; त्याचा निषेध त्यात आला. पुढे ‘तुमच्यावाचून या टेबलाचे चालणार नाही’ असे गोड सांगून मला पुन्हा त्याच टेबलाशी बसवले. त्याचे सविस्तर खंडन आले. मग कलमे झाली, पोटकलमे झाली, मागे परिशिष्टे जोडली गेली. ‘माझे सर्व हक्क अबाधित राखून’ हे शब्द तर मी जागोजागी घातले होते. पत्नीने तो एकदा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, “अहो, हा राजीनामा आहे का दावा?”

“दोन्ही आहे.”

“मग कोर्ट फी लावायची राहिली असंल. म्हणूनच दाखल होत नसंल इतके दिवस.”

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत घरगुती यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या विधी विभागात मी नोकरीला होतो. ग्राहक आयोगात कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली की तिचा लेखी जबाब तयार करणे हे माझे काम. उभे राहून बोलण्यासाठी बाहेरचा वकील असे. मी मागच्या बाकावर बसून त्याच्याकडे चिठ्ठ्या सरकवत असे. ‘परिच्छेद तीनमधील मजकूर नाकबूल. परिच्छेद चारमधील मजकूर माहितीअभावी नाकबूल.’ ही वाक्ये माझ्या हाडीमाशी इतकी खिळली होती की मुलीने एकदा फोनवर, “बाबा, तुम्ही तिथं सुखी आहात ना?” असे विचारले, तेव्हा ‘माहितीअभावी नाकबूल’ हेच उत्तर माझ्या तोंडून निघाले. ती हसली. मी विनोद केलेला नव्हता.

कायद्याची पदवी माझ्याकडे होती, सनदही होती. नोकरी धरताना सनद स्थगित करावी लागते. नियम तसा आहे आणि योग्यच आहे. ती पुन्हा सुरू करून वकिली करावी, हा विचार माझ्या मनात वर्षानुवर्षे होता. अडचण काय, हे मात्र एकाही परिशिष्टात लिहिलेले नव्हते.

संताप माझ्याकडे भरपूर होता. बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा असो, जिन्यातल्या चपला असोत, कुणाचे भोंगे असोत, मी संबंधितांना पत्र लिहीत असे आणि पत्रात कलमाचा हवाला देत असे. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत माझ्या अक्षराचा दरारा होता. परंतु हा सारा संताप हातातून कागदावर उतरे, तोंडातून कधी बाहेर पडत नसे. चार माणसांसमोर उभे राहिलो की माझा घसा मिटे. नोकरी सोडली तर बोलावे लागेल, आणि बोलता आले नाही तर या वयात परतीला दार नाही, एवढेच ते भय होते. कंपनीने माझ्यावर अन्याय केला हे खरे. पण त्या अन्यायाच्या आडोशाला मी सुखरूप बसलो होतो, हेही खरेच.

अशात सोयगावहून माझा मेहुणा आला. त्याने घेतलेला फवारणीचा पंप पहिल्याच हंगामात गळू लागला होता आणि दुकानदार व कंपनी दोघेही हात झटकत होते. मी त्याला तक्रार लिहून दिली. त्याने ती बारकाईने वाचली.

“दाजी, लिहिलंय लई झ्याक. पर तिथं बोलणार कोण?”

“एखादा वकील पाहू.”

“मग तुम्ही कोण हाव?”

मी त्याला सनदेचा नियम, नोकरीचे बंधन, सारे क्रमाने समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हंजे बैल आपलाच हाय, पर दावणीला. औताला दुसऱ्याचा बघायचा.”

स्वयंपाकघरात त्याची बहीण हसली. ती नवऱ्याला हसते आहे की भावाला, याचा खुलासा तिने केला नाही.

तो गेल्यावर मी पत्र लिहायला बसलो. सदर उपमा वस्तुस्थितीस धरून नाही, असे पहिले वाक्य लिहिले. ‘कारणे पुढीलप्रमाणे’ असे दुसरे लिहिले. पुढे लेखणी चालेना. मी आयुष्यभर खोट्याखऱ्या कशाचीही कारणे पुढीलप्रमाणे दिली आहेत. या एका उपमेविरुद्ध मला एकही सापडले नाही. ते पत्र तसेच अपुरे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दोन वाक्यांचा राजीनामा दिला. विभागप्रमुखांनी तो वाचला, कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारले, “एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनाही हायसे वाटले असावे.

सनद पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. त्या काळात मी संबंधितांना स्मरणपत्रे पाठवली; तो माझा हक्क होता. मेहुण्याने दरम्यान तक्रार स्वतःच्या सहीने दाखल केली होती. सनद हातात येताच मी त्याचे वकीलपत्र घेतले. पंपाची कंपनी माझ्या जुन्या मालकांची नव्हती, याची खात्री आधी करून घेतली होती.

सुनावणीच्या दिवशी मी नवा काळा कोट घालून गेलो. आयोगाच्या त्या दालनात कुठेही न लिहिलेला एक रिवाज आहे: तक्रारदाराचे वकील खिडकीच्या अंगाला उभे राहतात, गैरअर्जदाराचे दाराच्या अंगाला. आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला. मी उठलो आणि थेट दाराच्या अंगाला, कंपनीच्या तरुण वकिलाशेजारी जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षे माझी बाजू तीच होती. पायांना दुसरी ठाऊक नव्हती.

अध्यक्ष महोदयांनी चष्म्यावरून पाहिले. “गैरअर्जदारांनी दोन वकील दिलेत का?”

मागच्या बाकावरून मेहुण्याचा दबका आवाज आला, “दाजी, इकडं. आपण इकडं हाव.”

सारे दालन हसले. अध्यक्षही हसले. ज्या फजितीला मी तारुण्यापासून भीत आलो होतो, ती बोलण्याआधीच होऊन गेली होती, आणि मी उभाच होतो. मी खिडकीकडे चालत गेलो.

तरुण वकिलाने लेखी जबाबासाठी आणखी मुदत मागितली. त्या मुदतीला मी जन्मभर भ्यालेलो आहे; ती चुकू नये म्हणून जेवण टाकून टंकलेखन केलेले आहे. घशातून पहिले वाक्य फाटके निघाले. दुसरे बरे निघाले. नोटीस केव्हा मिळाली, मूळ मुदत केव्हा संपली, वाढीव मुदतही केव्हा संपली आणि त्यापलीकडे ती वाढवण्याचा अधिकार कायद्याने का दिलेला नाही, हे मी हातातल्या कागदाकडे न पाहता सांगितले. प्रकरण लेखी जबाबाशिवाय पुढे चालवण्याचा आदेश झाला. पंपाचा निकाल अजून लांब होता. माझ्यापुरता निकाल लागला होता.

बाहेर चहाच्या टपरीवर मेहुण्याने बहिणीला फोन लावला.

“आक्का, बोलले. आधी दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन हुभे राहिले, तिथून वळवून आणलं. मग लई बोलले. आता बी बोलायलेत.”

मी खरोखरच बोलत होतो. ग्लास विसळण्याच्या बादलीतले पाणी गढूळ झाले आहे, हे मी चहावाल्याच्या निदर्शनास आणून देत होतो. एरवी घरी जाऊन त्याचे दीड पानी पत्र केले असते.

“साब, पैले बोलना था ना,” तो म्हणाला आणि त्याने बादली गटारात रिकामी केली.