पुण्याहून आलेला चंद्रोदय

दर संकष्टीला माझी पत्नी गरजेपेक्षा जवळजवळ तासभर अधिक उपाशी राहत असे, आणि ही गोष्ट मला आम्ही कलकत्त्यात बिऱ्हाड केले त्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होती. मी ती तिला सांगितली नाही. विसरलो असतो तर निदान विसराळूपणाच्या पदरात ते पाप टाकता आले असते. मी सांगायचे नाही असे ठरवले होते, आणि पुढे तिने सरळ विचारले तेव्हा खोटेही बोललो.

मी नदीवरच्या एका सरकारी कचेरीत काम करतो. हुगळीतून जहाज आत आणायचे तर भरती केव्हा येणार हे आधी कळावे लागते. त्याची कोष्टके आमच्याकडे तयार होतात. भरती चंद्राच्या मागून चालते. त्यामुळे चंद्र या गावावर केव्हा उगवतो, केव्हा माथ्यावरून जातो, हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय आहे. मोठ्या भरतीला समुद्राचे पाणी भिंतीसारखे उभे राहून नदीत शिरते. इथे त्याला बान म्हणतात. तो येण्यापूर्वी नावाडी आपल्या होड्या काठापासून सोडवून प्रवाहाच्या मधोमध नेतात. त्या अनोळखी नावाड्यांना वेळ अचूक कळावी म्हणून मी उभी हयात झटलो. घरात ती वेळ मी दाबून ठेवली.

घरातला चंद्र पुण्याहून यायचा. माझी आई दर दिवाळीनंतर मराठी दिनदर्शिका टपालाने पाठवी. तीत प्रत्येक संकष्टीसमोर पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असे, आणि आईने त्या चौकटीला कुंकवाचे बोट लावलेले असे. ती दिनदर्शिका बालीगंजच्या आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी लटके. कलकत्ता पुण्याच्या पुष्कळ पूर्वेला आहे. इथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर बुडतो. हिवाळ्यात पाचच्या सुमारास दिवे लावावे लागतात म्हणून पत्नी पहिल्या वर्षी कुरकुरत असे. चंद्रही तसाच आधी उगवत असेल, हे तिच्या मनात आले नाही. वेळ छापलेली होती, आणि ती सासूबाईंनी धाडलेली होती.

हे व्रत तिला आईनेच लावून दिले होते. लग्न ठरण्याआधी पत्रिका पाहिल्या, गुण जुळले, पण आईचे बोट एका घरावर थांबले.

"चंद्र वृश्चिकेत आहे. नीचीचा," ती म्हणाली. "चंद्र म्हणजे मन. बाईचं मन थाऱ्यावर नसलं की घर थाऱ्यावर राहत नाही."

माझ्या सासऱ्यांनी नम्रपणे विचारले, "आणि मुलाचा चंद्र?"

"पुरुषाचा रवी बघतात हो. त्यांना मन कुठं असतं?"

सगळे हसले. मीही हसलो. मग उपाय ठरले: करंगळीत मोत्याची अंगठी आणि जन्मभर संकष्ट्या. मोती सासऱ्यांनी करून दिला.

पत्नीने मात्र ते व्रत शिक्षा म्हणून कधी धरले नाही, आणि हे आठवले की मला अधिक लाज वाटते. तिला भाऊ नाही. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. ती लहानपणापासून तशीच ओवाळत आली होती. तिच्या लेखी चंद्र हा माहेरचा माणूस होता. भाषा येत नाही, शेजार नवा, अशा या गावात महिन्यातून एकदा माहेरचे कोणी तरी भेटायला येते आहे अशा तयारीने ती संकष्टी करी. सकाळी बाजारातून दूर्वा आणि जास्वंद आणायची. कालीमातेच्या कृपेने जास्वंदीला इथे तोटा नाही. थंडीत मोदकाच्या सारणात ती इथला खजुराचा गूळ घाली. चंद्र गणपतीच्या पोटाला हसला, त्याला शाप मिळाला, मग तो पाया पडला, हे सारे ती आमच्या मुलीला सांगे आणि शेवटी म्हणे, "हसला तो हसला, पण चुकलं म्हणाला ना? म्हणून तर त्याला पाहिल्याशिवाय आपण जेवत नाही."

मी ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रामागून ऐकत असे.

पहिल्या संकष्टीची गोष्ट सांगतो. दुपारी कचेरीत आकडे तपासताना कलकत्त्याचा त्या दिवसाचा चंद्रोदय माझ्या डोळ्यांखालून गेला आणि सकाळी भिंतीवर पाहिलेली वेळ आठवली. दोहोंत तासाचे अंतर होते. घरी गेल्यावर सांगू, असे मनात आले. संध्याकाळी कचेरीच्या क्लबात कॅरमचा पट मांडलेला होता. खरी वेळ धरली तर लगेच निघायला हवे होते, कारण आरती दोघांनी मिळून म्हणायची असा तिचा आग्रह होता. पुण्याची वेळ धरली तर आणखी दोन डाव होत होते. मी पुण्याची वेळ धरली.

घरी पोचलो तेव्हा ताट वाढायच्या तयारीत होते, निरांजनात वात भिजवलेली होती, आणि तिचे ओठ सुकलेले होते.

"आलात? अगदी वेळेवर," ती म्हणाली.

त्या दोन शब्दांची मला चटक लागली. कोणी तरी आपल्यासाठी उपाशी थांबले आहे, या जाणिवेत एक हलके सुख असते. ते मी वर्षानुवर्षे चाखले. कॅरम हे निमित्त होते असे मी आज म्हणू शकतो, पण त्याने माझी बाजू सुधारत नाही. बिघडतेच.

समोरच्या उंच इमारतीनेही माझीच बाजू घेतली. आमच्या गॅलरीतून तिच्या गच्चीवर चंद्र दिसू लागे तो पुण्याच्या वेळेच्या आसपासच. पत्नीला वाटे, दिनदर्शिका किती बरोबर आहे. मीही मनाशी म्हणत असे, दर्शन तर आत्ताच होते आहे ना, मग काय बिघडले? पण ढगाळ दिवशी चंद्र दिसत नसताना ती छापलेल्या वेळेवर अर्घ्य देऊन जेवायला बसे, आणि त्या दिवशी हा युक्तिवाद मला स्वतःलाही पटत नसे.

उपास तिला मुळातच सोसत नव्हता. पहाटेपासून पाणी आणि चहा. साबुदाणा तिला पित्त करी म्हणून ती खात नसे. दिवस ती ओढून नेई. शेवटच्या तासात तिचे डोके दुखायला लागे, कधी ओकारी होई, कधी मुलीवर कारण नसताना हात उचलला जाई आणि मग ती स्वतःच रडत बसे. तोच तास. मी घरी येईपर्यंत ते सारे घडून गेलेले असे.

एका हिवाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथल्या मराठी मंडळातल्या पाचसहा बायका जमल्या होत्या. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी, ज्यांचे घराणे तीन पिढ्या कलकत्त्यात आहे, पत्नीकडे पाहून विचारले, "सूनबाई उतरल्यात का हो जरा?"

"चतुर्थीला बघा तिला," आई म्हणाली. "आदळआपट, रडारड. चंद्र नीचीचा, दुसरं काय. एवढ्या संकष्ट्या करूनही ढिम्म हलत नाही."

"मोती घातलाय ना?"

"घातलाय. मोती तरी काय करील बिचारा?"

बायका दयेने हसल्या. पत्नी तिळगुळाची वाटी घेऊन उभी होती, तीही हसली. आतल्या खोलीत मी होतो. माझ्या पुढ्यात पुढल्या महिन्याची भरतीची कोष्टके होती. उठून दारात जावे आणि चार वाक्यांत सगळे स्वच्छ करावे, इतके ते सोपे होते. पण मग मी इतके दिवस का बोललो नाही, हा प्रश्न आला असता. मी पान उलटले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बंगाली वृद्धा राहत. आम्ही त्यांना मासीमा म्हणत असू. त्या पत्नीला बौमा, म्हणजे सूनबाई, अशी हाक मारत. त्यांच्या खिडकीतून पूर्व मोकळी दिसे. एका चतुर्थीला त्या जिन्यातून खाली आल्या आणि म्हणाल्या, "बौमा, अब तो खा लो. चाँद कब का उठ गया."

मी घरी आल्यावर पत्नीने मला विचारले. "अहो, मासीमा म्हणतात चंद्र केव्हाच उगवला. तुम्हाला त्यातलं कळतं. खरं काय ते सांगा ना."

तिच्या आवाजात संशय नव्हता. विश्वास होता, आणि त्याच्याच बळावर मी म्हणालो, "त्यांची पंजिका वेगळी, आपलं पंचांग वेगळं. आपल्याला आपलंच पाळायचं."

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि मला वाढू लागली.

ती जवळच्या एका बालवर्गात शिकवत असे. मुले तिला सोडत नसत. तिथल्या मुख्य बाई निवृत्त झाल्या तेव्हा ती जागा तिला देऊ केली गेली. तिने आठवडाभर विचार केला आणि नाही म्हणून कळवले. मी कारण विचारले तेव्हा शांतपणे म्हणाली, "महिन्यातून एकदा मी बिघडते. आज घरात बिघडते, उद्या दुसऱ्यांच्या मुलांपुढे बिघडले तर? माझं मन मला माहीत आहे." वर्षभराने तिने ती शाळाही सोडली.

तिचे मन तिला माहीत नव्हते. ते आईला पत्रिकेतून माहीत झाले होते आणि मी ते दर महिन्याला खरे करून दाखवत होतो. भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो म्हणतात. ती त्या दिवशी खिडक्या लावून घेई. आळ तरीही आला, आणि तो घरातूनच आला.

काही वर्षांनी आई वारली. पुढे दिनदर्शिका पत्नी स्वतः पुण्याहून मागवू लागली आणि कुंकवाची बोटेही स्वतःच लावू लागली.

मग यंदा डमडमला राहणारी एक तरुण मुलगी मंडळात आली. तिचा नवरा बँकेत आहे, त्याची इथे बदली झाली आहे. एका संकष्टीला पत्नीने तिला आणि मंडळातल्या नेहमीच्या बायकांना आमच्याकडेच बोलावले. मी जरा लवकर आलो होतो. त्या डमडमच्या मुलीने मोबाईल पाहिला आणि म्हणाली, "काकू, चंद्र उगवला की. कशाला थांबलोय आपण?"

"अजून तासभर आहे गं," पत्नी म्हणाली.

"ती पुण्याची वेळ. इथं आधीच उगवतो. हे बघा, गाव कोलकाता टाकलंय." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "काका, तुम्ही तर चंद्राच्याच खात्यातले. सांगा ना काकूंना."

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. त्या तीन पिढ्यांच्या वयस्क बाईही होत्या. आणि मी, पन्नाशी केव्हाच ओलांडलेला माणूस, म्हणालो, "मोबाईलवर काय, काहीही येतं."

बायका हसल्या. पत्नी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना तिने विचारले, "मासीमा खरं सांगत होत्या का?"

मासीमा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. मी कपबश्या मांडत राहिलो.

"शाळेला मी काय कळवलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"बरं," ती म्हणाली, आणि चहा गाळला. करंगळीतली अंगठी तिने त्याच दिवशी काढून देवघरातल्या डबीत ठेवली. महिनाभर आम्ही दूधवाला, विजेचे बिल, मुलीचा फोन, एवढेच बोललो. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही उत्तर तरी देता आले असते.

घरात, एकांतात, तिचे पाय धरावेत असे अनेकदा मनात आले. पण आईने तिचा चंद्र चारचौघींत नीचीचा ठरवला होता, आणि मी चारचौघींतच मोबाईल खोटा ठरवला होता. एकांतातली क्षमा ही पुन्हा माझ्याच सोयीची झाली असती.

पुढल्या संकष्टीला मी कचेरीतून थेट घरी आलो. अजून संध्याकाळच होती. बायका जमत होत्या. ती डमडमची मुलगी दूर्वा निवडत होती, वयस्क बाई खुर्चीत बसल्या होत्या. पत्नी पाठमोरी, तांब्यात अर्घ्याचे पाणी भरत होती. माझा आवाज मुळात बारीक आहे. तो सर्वांना ऐकू जावा म्हणून मला दारात उभे राहावे लागले.

"मला एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "हिचं डोकं दुखायचं ते भुकेनं दुखायचं. तिच्या चंद्रात काही वाईट नाही. इथं चंद्र पुण्याच्या तासभर आधी उगवतो, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मला क्लबात कॅरम खेळायचा असायचा, आणि ही माझ्यासाठी थांबते ते मला आवडायचं, म्हणून मी सांगितलं नाही. हिनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. मागच्या महिन्यात तुमच्यासमोर पुन्हा बोललो. आईनं हिला नावं ठेवली तेव्हा मी आत बसून ऐकत होतो."

तांब्यात पाणी पडायचे थांबले. पत्नी वळली नव्हती. मी तिच्या पाठीला म्हणालो, "तुझं मन चांगलं होतं. ती शाळा तुझी होती. माझं चुकलं. मला क्षमा कर."