पाटीवर पाच, आत साडेसात

शुक्रवारी दुपारपर्यंत माझा कॉम्प्युटर अकरा वेळा बंद पडला होता. घरात वीज होती, पंखा फिरत होता, फक्त टेबलाखालचा तो डबा गप्प व्हायचा आणि माझं डोकं सुरू व्हायचं. सोमवारी सकाळी दहाला मला पुण्याच्या एका स्टुडिओकडे चार मिनिटांचं ॲनिमेशन पाठवायचं होतं. ऊसतोडणी यंत्राच्या पोटात काय काय फिरतं, ते त्यात दाखवायचं होतं. आवडलं तर वर्षभराचं काम. नोकरी मी फेब्रुवारीतच सोडली होती, त्यामुळे नाही आवडलं तर काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हते.

हा कॉम्प्युटर मी नगरच्या सावेडीतल्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, फरशीवर मांडी घालून स्वतः जोडलेला. मोठा प्रोसेसर परवडत नव्हता, म्हणून मधला घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या बराच वर नेला. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. वेग वाढला की वीज जास्त लागते. ती पुरवणारा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो माझ्याकडे आधीच्या कॉम्प्युटरचा होता, साडेचारशे वॉटचा, सात वर्षं वापरलेला. पुरता ताण आला की दहा-पंधरा मिनिटांत तो हात टेकायचा.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. स्टुडिओतल्या बाईंनी पहिल्या फोनवर "मशीन कोणतं आहे?" असं विचारलं, तेव्हा माझ्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठ्या मशीनचं नाव मी बेधडक ठोकून दिलं होतं. सोमवारचा वायदा त्या नावावरच ठरला होता.

आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या आठवड्यात माझ्याकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा आणि डॉक्टरांचा हुकूम की आराम करा. देवळाली प्रवरेत चाळीस वर्षं त्यांनी विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग केलं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने भरून दिली. त्या माणसाला आराम कसा करतात ते माहीतच नव्हतं. मी टेबलापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारत होते आणि ते गॅलरीपासून टेबलापर्यंत. मध्ये कुठेतरी आमची गाठ पडायची.

शेवटी ते खाली वाकले आणि डब्याला हाताची मागची बाजू लावली. तळवा कधी लावत नाहीत. शॉक बसला तर मूठ आवळली जाते आणि हात सुटत नाही.

"लई तापलंय. काय खायला घालतीस याला?"

मी ओव्हरक्लॉक म्हणजे काय ते समजावून सांगायला बसले. प्रोसेसर, वेग, व्होल्टेज. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी मला थांबवलं.

"म्हंजी पाचच्या बॉडीत साडेसातचं वायंडिंग."

मला हसू आलं. आमच्या भागात कोण न हसेल! वीज मंडळाची मंजुरी पाच हॉर्सपॉवरची असते, पाणी खोल गेलेलं असतं, मग तीच मोटार आतून साडेसातची भरून घ्यायची आणि वर पाटी पाचचीच ठेवायची. सगळ्यांना ठाऊक, सगळे गप्प.

शुक्रवारचा उरलेला दिवस मी इंटरनेटवर घालवला. साडेपाचशे वॉट पुरेल की साडेसहाशे? कार्यक्षमतेत ब्राँझ दर्जाचा घ्यावा की गोल्ड? एक म्हणतो जास्तीचा घेणं म्हणजे मूर्खपणा, दुसरा म्हणतो कमीचा घेणं म्हणजे आत्महत्या. मी हिशेब केला, पाचशे वीसच्या आसपास आला, परत केला, पाचशे साठ आला. साडेसहाशेवर शिक्का मारला. ऑर्डर टाकायला गेले तर पोचणार मंगळवारी. मी फोन गादीवर आपटला. आण्णा म्हणाले, "फोननं काय घोडं मारलंय?"

शनिवारी दुपारी आम्ही रिक्षाने गावात गेलो. सावेडीत राहणारे आम्ही जुन्या शहराला अजून गावच म्हणतो. तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानात काउंटरवर एक खोका आला: साडेआठशे वॉट, लाल पंखा, वर आग ओकणारा चित्ता. कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. पण तो होता, आज होता, माझ्या हातात होता. आणि जड होता. आण्णांचा पहिला धडाच तो. वस्तू उचलून बघ. तांबं असेल तर वजन असतं, वजन नसेल तर घेऊ नको.

"आण्णा, वजन बघा."

त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि मान हलवली. मला इतकं हायसं वाटलं की मी पाकीट काढलंसुद्धा. मग त्यांनी तो एका हाताच्या दोन बोटांवर तोलला. डबा एका बाजूला कलला. फिरवून तोलला, पुन्हा त्याच बाजूला.

"वजन हाय, पन एकाच कोपऱ्यात. पोरी, तुज्या मोबाईलची बॅटरी लाव."

मी पंख्याच्या जाळीतून उजेड मारला आणि डोळा लावला. एका अंगाला, झाकणाला चिकटवलेली, लोखंडाची जाड पट्टी. बाकी आत अंगठ्याएवढा ट्रान्सफॉर्मर आणि भरपूर हवा. दुकानदाराने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यालाही ठाऊक नसावं.

"लोखंडच घ्यायचं तर भंगारवाल्याकडं सस्तं मिळंल," आण्णा त्याला म्हणाले, पण गोडीत.

बिचाऱ्याने पुण्याला फोन लावला. चांगल्या कंपनीचा साडेसहाशेचा मिळेल, मंगळवारी. पुन्हा मंगळवार! माझं टाळकं सरकलं. मी त्या चित्त्याच्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाच द्या. दोन दिवस ओढला तरी बास. सोमवारनंतर जळू दे."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आत लोखंडाची पट्टी पाहून दोन मिनिटं झाली नव्हती. आण्णा बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. चक्कर आली की काय, म्हणून मी मागोमाग धावले.

"काय होतंय?"

"काय न्हाई. बस."

बसायला मला वेळ नव्हता. तरी बसले.

"तू आत्ता जे बोललीस ना, तेच म्हनायची सगळी. हंगामापुरती ओढू दे, मग जळू दे. मी भरून द्यायचो. आन पाटी बी मीच करायचो. आकड्यांचे पंच हुते माज्याकडं. पाचचा पंच पार झिजला."

हे मला माहीत नव्हतं. वायंडिंग ते करायचे, ते सगळेच करतात. पण खोट्या पाट्या आण्णा स्वतः ठोकत असतील असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"एका उन्हाळ्यात डीपी जळाली," ते म्हणाले. डीपी म्हणजे शिवारातल्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर; मंजुरीपेक्षा जास्त भार आला की तो जळतो. "सगळ्या शिवाराची. सतरा दिवस पानी न्हाई. सायेब आले तपासायला, पहिल्याच विहिरीवर गावली साडेसातची मोटार. एकाच्याच. बाकीच्यांनी तवर मोटारी वर काढून झाकल्या. त्या डीपीवर तसल्या बारा हुत्या, पोरी. बारा बी माज्या हातच्या."

"मग?"

"मग काय. बैठक बसली. समदी त्याच्यावर तुटून पडली. मी बी हुतो, मागं. आपलं ठिवायचं झाकून आन दुसऱ्याचं बघायचं वाकून. त्याला अजून डीपीजाळ्याच म्हंत्यात. त्याच्या पोरांना शाळंत म्हनायची."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला कुनी इचारलं न्हाई."

त्यांनी चष्मा काढून डोळा पुसायला हात नेला. डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी तो धरला. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्हींच्या खाली माझी स्वतःची लाज होती, कारण त्या चित्त्याच्या खोक्याला नावं ठेवणारी मी पुण्याच्या बाईंना तसलीच पाटी ठोकून मोकळी झालेली होते. मी आत गेले, खोका परत केला आणि मंगळवारचा साडेसहाशेचा सांगून आले.

घरी येऊन मी सेटिंग उघडलं. वेग उतरवायला माझा हात धजत नव्हता. तो वाढवायला मी तीन आठवडे झगडले होते. आण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मी सगळे आकडे कंपनीने ठरवले होते तिथे आणून ठेवले आणि काम सुरू केलं. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. जुना डबा निमूट चालत होता. ॲनिमेशनचं एकेक चित्र कॉम्प्युटर बनवत होता; एका चित्राला लागणाऱ्या वेळेवरून हिशेब मांडला: सोमवारी संध्याकाळी सात. नऊ तास उशीर.

आता फोन करायचा होता. काय सांगायचं तेही तयार होतं: लाइट नव्हती. नगर जिल्ह्यातल्या माणसाने असं म्हटलं की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही. मी तीनदा नंबर काढला, तीनदा बंद केला. गॅलरीत जाऊन आले, पाणी प्यायले. आण्णा माझ्याकडे बघतही नव्हते. ते हात मांडीवर ठेवून कॉम्प्युटरचा आवाज ऐकत होते.

बाईंनी फोन उचलला आणि मी एका दमात बोलून टाकलं. मशीन मी सांगितलं तेवढं मोठं नाही, त्याच्या निम्मं आहे. काम सोमवारी सकाळी मिळणार नाही, संध्याकाळी सातला मिळेल. खोटं बोलले, माफ करा.

मग त्या म्हणाल्या, "मी मशीन विचारते ते पुढच्या सगळ्या तारखा त्यावर बसवते म्हणून. सात म्हणजे सात?"

"सात."

"पाठवा. बघू."

फोन बंद झाला. बघू म्हणजे काय? हो की नाही? मी फोन हातात धरून खोलीभर फिरले. काम मिळेल असं वाटायचं आणि पुढच्याच पावलाला गेलंच असं वाटायचं.

"झालं का तुजं?" आण्णांनी विचारलं.

"झालं."

"मग मला बी एक फोन लावून दे. मला आकडं दिसत न्हाईत अजून."

"कुणाला?"

त्यांनी नाव सांगितलं नाही, नंबर सांगितला. डायरी काढली नाही, आठवायला थांबले नाहीत. दहाच्या दहा आकडे एका श्वासात म्हटले. मी लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. रिंग वाजत राहिली. कुणीतरी उचलला, कोण बोलतंय म्हणून विचारलं.

आण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मी मोटारवाला बोलतोय," ते म्हणाले. "त्या डीपीचं सांगायचं हुतं."