सिद्रामप्पामामांचं घड्याळ

आईवडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन, तर तो सिद्रामप्पा बिराजदार यांचा. मी त्यांना मामा म्हणत असे. नातं काही नव्हतं. सोलापूरच्या एसटी स्टँडवर प्रवाशांच्या हरवलेल्या वस्तूंची एक खोली होती, तिथे ते कारकून होते, आणि त्यांच्याच घरी राहून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. दीड महिन्यापूर्वी अकलूजला, मी शिकवतो त्या शाळेच्या फाटकाशी सोलापूरच्या गाडीचा कंडक्टर माझी वाट बघत उभा होता. हरवलेल्या वस्तूंचे निरोप गाडीगाडीतून यायचे, तसाच हाही आला. "सर, सिद्रामप्पा गेले. काल सकाळी, बसल्या जागी." मी पहिली गाडी धरली. पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती...

आमची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. दुष्काळानंतरच्या जूनमध्ये मी सांगोल्याकडच्या आमच्या गावाहून कॉलेजच्या प्रवेशासाठी आलो होतो. घरात मेंढरं, अक्षरओळख असलेला मी एकटा. फॉर्म मिळाला होता, त्यावर वडिलांचा अंगठा घेऊन दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. आमच्याकडे गाडीत जागा धरायची तर खिडकीतून काहीतरी आत टाकतात. टॉवेल, टोपी, पिशवी. वस्तू पडेल ती जागा आपली. मीही गर्दीतून पिशवी आत टाकली आणि वळसा घालून दाराशी आलो, तोवर कंडक्टरनं दार ओढून घंटी दिली होती. गाडी अक्कलकोटची होती. माझी तिच्या पलीकडे उभी होती. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं त्या पिशवीत. मी त्या खोलीत रडतच शिरलो. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर काळी टोपी, मनगटावर घड्याळ अशा एका गृहस्थांनी वहीतून मान वर केली. "येन आतप्पा? काय झालं? आधी नाक पूस. आता सांग, पिशवीत तळाला काय हाय?" वरचं कुणालाही दिसतं, तळाचं फक्त मालकाला ठाऊक असतं, असा त्यांचा नियम होता. मी म्हणालो, "बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी." ते हसले. "म्हंजे देव बी अक्कलकोटला पाठवलास व्हय! चल." साहेबांना सांगून ते पुढच्या गाडीनं स्वतः माझ्याबरोबर आले. तिथल्या स्टँडवर एक म्हातारी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "पोरगं येतंय की मागनं, म्हनून थांबले," म्हणाली. परतताना मामांनी विचारलं, शहरात राहणार कुठं? चार वर्षं मी त्यांच्याच घरी राहिलो.

त्यांच्या दारातून कुणाला तसंच जाता येत नसे. उंबऱ्याशी थांबवून ते विचारायचे, "छत्री? चष्मा? किल्ली?" माझ्यासाठी शेवटी आणखी एक असे, "आणि खिडकीतनं काय टाकू नको, तम्मा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; मला ते तीच हाक मारत. कामावरच्या गमती ते जेवताना सांगत. एकदा कुणी दातांची कवळी न्यायला आला आणि त्याचं बोलणंच कळेना, तेव्हा मामा म्हणाले होते, "आधी घाला. बसली तर तुमची." मामी हसून हसून भाकरी करपवायच्या. मामांचं घड्याळ मात्र थट्टेचा विषय नव्हतं. वडिलांची तेवढीच एक वस्तू त्यांच्याजवळ उरली होती. सकाळी लिंगपूजेला बसताना ते काढून देवळीत ठेवायचे आणि पूजा झाली की पुन्हा बांधायचे.

बी.ए.च्या शेवटच्या पेपरच्या सकाळी मामा पूजेत होते, डोळे मिटलेले, तळहातावर लिंग. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. त्यांना हाक मारणं बरं दिसेना, म्हणून दुपारी परत ठेवू अशा विचारानं मी घड्याळ न विचारता उचललं. केंद्र अक्कलकोट रोडच्या एका शाळेत होतं. पट्टा मला सैल व्हायचा, म्हणून पेपर संपल्यावर घड्याळ रुमालात गाठ मारून बांधलं. पेपर चांगला गेला होता. कुंभारी गावाकडून सोलापूरला जाणारी एसटी आली, माणसं धावली, आणि माझ्या हातानं सवयीनं रुमाल खिडकीतून आत टाकला. मी आत शिरलो तेव्हा त्या जागेवर एक जण बसला होता. रुमाल नव्हता. बाकाखाली, लोकांच्या पायांत, कुठंच नव्हता. आणि हरवल्याची नोंद करायची कुठं? मामांच्याच टेबलावर...

घरी गेलो तेव्हा शोधाशोध सुरू झाली होती. "साऱ्या जिल्ह्याचं सापडिवता, अन् घरातलं घड्याळ घावंना!" मामींनी टोमणा मारला. "घरातनं कुटं जातंय? मीच कुटंतरी ठेवलं असंल," मामा म्हणाले. मी तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मी ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यांच्याबरोबर शोधलं. ते घराबाहेर काढतील ही भीती नव्हती. ते 'असू दे' म्हणतील आणि विषय संपवतील, तेच मला सोसलं नसतं. दिवस गेले तसं सांगणं आणखी कठीण झालं. मामा मात्र बदलले. वहीतली नोंद दोनदा तपासू लागले, किल्ली ठेवली की मामींना सांगून ठेवू लागले. "माझं डोकं सुटाय लागलं, तम्मा," एकदा म्हणाले. हळूहळू उंबऱ्यावरचे प्रश्नही थांबले. दुसऱ्यांना काय विचारायचं, असं वाटलं असावं. एका वाक्यात मी त्यांना त्यांचं डोकं परत देऊ शकलो असतो.

अकलूजला नोकरी लागली. दोन वर्षं दर महिन्याला पत्र लिहीत होतो. शाळा, ऊस, पाऊस, सगळं लिहायचो. तळाचं तेवढं राहायचं. यंदा एकदा बसलो आणि तेही लिहून टाकलं.

माती झालेल्या घरात मामींनी मला पाणी दिलं आणि देवळीकडे बोट केलं. माझं ते शेवटचं पत्र तिथं होतं. न फोडलेलं. मोतीबिंदू वाढून मामांना अलीकडे वाचता येईनासं झालं होतं. "शेजारच्याकडनं नगं म्हणाले. तम्मा सुट्टीला येतोय की, त्याच्याच तोंडनं ऐकू." त्यांनी पत्र काढून माझ्या हातात दिलं. "जायच्या आदल्या दिवशी बी देवळीत हात फिरवून बघितला त्यांनी. घड्याळ घावतंय का म्हनून. लई येळ चाचपत होते." पुढे म्हणाल्या, "वाच की आता. मी ऐकते."

मी देवळीखाली बसून वाचलं.

"तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही साऱ्यांना विचारायचात, तळाला काय आहे. मला त्या पहिल्या दिवसानंतर कधी विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. तुमचं घड्याळ मी नेलं होतं. शेवटच्या पेपरला, न विचारता. रुमालात बांधून एसटीच्या खिडकीतून टाकलं, तुम्ही रोज नको म्हणत होतात तसंच. तुम्ही काही विसरला नव्हता. देवळीत ठेवलं होतं तेच बरोबर होतं. तुमचं डोकं शाबूत आहे. सुट्टीला येतो. निघताना मला पूर्वीसारखं उंबऱ्याशी उभं करा आणि सगळं विचारा. आणि मामा, घड्याळ घरात नाही. आता शोधू नका. आपला, बिरा."