कय्यूमभाऊ बाजाराला पळत जातात

नागभीडच्या कय्यूम काकणवाल्याला त्याच्या बायकोनं गाडीवरून उतरवून दिलं, ही बातमी तळोधीच्या बाजारात कय्यूमच्या आधी पोचली. बातमी आणणाऱ्याचा काही दोष नव्हता. त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. पुढं मोपेडवर बांगड्यांच्या पेट्या बांधून नाहीद चाललेली, आणि मागं तिचा नवरा, पन्नाशीच्या घरातला माणूस, घामाघूम होऊन पळतोय. नाहीद मध्येच थांबते, वळून पाहते आणि तो जवळ आला की पुन्हा गाडी पुढं काढते. एवढं पाहिल्यावर कोणी दुसरा काय अर्थ काढणार?

बाजारात नाहीदनं ताडपत्री अंथरली न अंथरली तोच शेजारी भाजी घेऊन बसणारी सत्यशीला सरकत जवळ आली. गेली कित्येक वर्षं दोघींची दुकानं एकमेकींना लागून. आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "नाहीदबाई, मानूस चुकते. पन असं भर रस्त्यानं पळवू नोको त्याले. लोक पायते."

नाहीदला इतकं हसू आलं की हातातला बांगड्यांचा तोडा खाली ठेवावा लागला. "मी नाई पळवून राह्यली बाई. ते सोताच पळून राह्यले. मॅरेथॉन करतो म्हनते."

"ते काय राह्यते?"

"बेचाळीस किलोमीटर पळाचं."

"मंग भेटते काय?"

"बनियन भेटते म्हनते."

सत्यशीलेनं लांबून धापा टाकत येणाऱ्या कय्यूमकडं पाहिलं आणि मान हलवली. एका बनियनसाठी एवढं करणाऱ्या माणसाला समजावण्यात अर्थ नाही, हे तिला कळून चुकलं.

मॅरेथॉनचं खूळ कय्यूमच्या डोक्यात शिरलं ते रागातून. चंद्रपूरला माल आणायला गेला होता. तिथं चौकात एक तरुण माणूस मंडप टाकून नावं नोंदवत बसला होता. कय्यूम नुसता पाहत उभा राहिला, तर तो माणूस गोड हसून म्हणाला, "काका, ज्येष्ठांसाठी मजेची दौड आहे, तीन किलोमीटर. चालत गेलं तरी चालतं." ज्येष्ठ हा शब्द कय्यूमला झोंबला. मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका ऐकत होत्या, तेही झोंबलं. तो म्हणाला, "मोठीवाली कोनती हाय?" आणि मोठीवालीत नाव घालून घरी आला. मोठी म्हणजे किती मोठी ते त्याला एसटीत बसून पावती वाचल्यावर कळलं.

माजरीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन असलेल्या मुलानं, बिलालनं, फोनवर सगळं ऐकून घेतलं. "अब्बा, तुमच्या पायात लोखंड हाय," एवढंच म्हणाला आणि पंधरवड्यानं बूट पाठवून दिले.

पायातल्या लोखंडाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. आठेक वर्षांपूर्वी कय्यूम एकटाच मोपेडवर बाजाराला निघाला असताना म्हैस आडवी आली. गाडी कलली. साध्या माणसानं अशा वेळी हात टेकला असता. कय्यूमनं दोन्ही हातांनी काचेच्या बांगड्यांची पेटी वर धरली आणि गाडी पायावर घेतली. बांगड्या सगळ्या शाबूत राहिल्या. तो तसाच बाजारात गेला, संध्याकाळपर्यंत मांडी घालून बायकांच्या हातात बांगड्या भरल्या आणि घरी आल्यावर नाहीदनं विचारलं तर म्हणाला, "काई नाई, मुरगळला." दुसऱ्या दिवशीही काई नाई. तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्याएवढा झाला तेव्हा नाहीदनं त्याला उचलून दवाखान्यात नेलं. नडगी मोडली होती आणि दोन दिवस त्यावर उठबस झाल्यानं जागेवरून सरकली होती. सळी घालावी लागली. ऐन लगीनसराईत तो खाटेवर पडून आणि नाहीद पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव, असे ते दिवस गेले.

तेव्हापासून नाहीदचा नवऱ्याच्या शब्दावर विश्वास नव्हता. बाकी सगळ्या बाबतीत होता, फक्त पायाच्या बाबतीत नाही. "दुखते का?" असं ती विचारायची, पण उत्तर ऐकायची नाही. ती त्याचा पाय मांडीवर घ्यायची, नडगीवरून वरून खाली अंगठा दाबत न्यायची आणि त्या वेळी पायाकडं न पाहता त्याच्या चेहऱ्याकडं पाहायची. चेहरा हलला की तिला कळायचं. मॅरेथॉनचं ऐकल्यावरही तिनं आदळआपट केली नाही. म्हणाली, "पळा. पन पाय मी पायीन. हाडात दुखलं का त्या दिवशी बंद." कय्यूम हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जात होतं.

पळायचं कधी आणि कुठं, हा प्रश्न होता. मोबाईलवरचे सगळे शहाणे सांगत होते, पहाटे अंधारात पळा. त्यांच्या गावी पहाटे रस्त्यावर दूधवाला भेटत असेल. नागभीडकडच्या वाघांच्या जंगलातल्या रस्त्याला पहाटे कोण भेटेल याचा नेम नाही, आणि जो भेटेल त्याच्यापुढं पळणं हा शहाणपणा नव्हे. म्हणून कय्यूमनं बाजार धरले. दर वाराला एका गावचा आठवडी बाजार, कोणता जवळ, कोणता लांब. एरवी दोघं गाडीवर जायची. आता ऊन वर आल्यावर नाहीद गाडी घेऊन पुढं आणि हा मागं. जवळच्या बाजाराला थोडं पळणं, तळोधीला मध्यम, आणि सिंदेवाहीच्या बाजाराला दिवसभराचा जीव जाईल एवढं. येताना गाडीवर मागं बसून झोपा काढायच्या. असा सराव कोणत्या पुस्तकात सापडणार नाही, पण तो जमत होता.

अडचण एकच, लोकांची माया. हा भाग असा की ओळखीचा माणूस रस्त्यानं पायी जाताना दिसला आणि त्याला चहा विचारला नाही तर विचारणाऱ्यालाच रात्री झोप यायची नाही. त्यात कय्यूमनं या रस्त्यावरच्या निम्म्या घरांतल्या सुनांच्या हातात बांगड्या भरलेल्या. "कय्यूमभाऊ, काऊन पळून राह्यले? बसा ना," असं म्हणून कोणी खाट टाकायचं. धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून नेणारा ट्रॅक्टरवाला तर थांबूनच राहायचा. त्याला नाही म्हटलं की तो हळूहळू शेजारून चालवत सोबत यायचा, कारण एकट्याला सोडून जाणं त्याच्या मनाला पटत नसे. मग कय्यूमनं युक्ती काढली. जाताना हात वर करून ओरडायचं, "येताना पितो," आणि सुटायचं. परतताना खरंच थांबावं लागे. नाहीदचं म्हणणं, पळण्यानं त्याचं वजन घटतं आणि चहानं भरून निघतं.

थंडी वाढली तशी नडगी कुरकुरू लागली. सळीच्या माणसाला थंडी आधी कळते. पण सिंदेवाहीला सबंध पळत गेल्याच्या दिवशी हे दुखणं वेगळं होतं. आत खोल, एका जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं. कय्यूमला कळलं. आणि कळल्याबरोबर त्यानं ठरवलं की नाहीदला कळू द्यायचं नाही. शर्यतीला महिना उरला होता. रात्री तिनं पाय मांडीवर घेतला तेव्हा त्यानं मनातल्या मनात रेशमी, राजवर्खी, बिलवर असे बांगड्यांचे सगळे वाण आठवायला घेतले. अंगठा दुखऱ्या जागेवरून गेला तेव्हा तो बिलवरवर होता. चेहरा हलला नाही. नाहीद म्हणाली, "बरा हाय," आणि कय्यूमला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात मयुरी नावाच्या मुलीचा चुडा भरायचा होता. लग्नाआधी नवरीच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरतात तो चुडा. त्यासाठी काकणवाल्याला घरी बोलावतात, पाटावर बसवतात, त्याच्याही कपाळाला हळद लावतात. भरताना बांगडी मोडली तर तिचा खर्च काकणवाल्याच्या अंगावर, हा सगळीकडचा रिवाज. पण नवरीच्या चुड्यातली मोडणं वेगळं. तिथं कोणी काही बोलत नाही, नुसते चेहरे उतरतात. कय्यूमनं आजवर नवरीच्या हातात एकही मोडली नव्हती आणि याचा त्याला गर्व होता, तो लपवायचाही नाही.

त्या दिवशी पाटावर मांडी घालता येईना. एक पाय लांब करून बसला तर कंबर वाकडी. कंबर वाकडी तर हात तिरपा. पहिली बांगडी मयुरीच्या पंजावरच मोडली. मांडवातल्या बायकांचे चेहरे उतरले. दुसरीही मोडली. तिसरी मोडली तेव्हा मयुरीची आजी शकुबाई पुढं वाकली आणि म्हणाली, "भाऊ, पोरगी तं गुमान बसली हाय. हात तुमचा कापून राह्यला."

"मोडू द्या जी," मयुरी म्हणाली. "बम बांगड्या हायेत पेटीत." ती एकटीच हसत होती.

कय्यूमनं पाटावरून उठायचा प्रयत्न केला आणि त्याला उठता आलं नाही. एवढ्या बायकांसमोर तो दोन्ही हात जमिनीवर टेकून तसाच राहिला. नाहीदनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, स्वतः पाटावर बसली आणि उरलेला चुडा भरला. एकही मोडली नाही.

घरी आल्यावर तिनं त्याला पाणी दिलं आणि समोर बसली.

"मले तुमच्या मॅरेथॉनचा राग नाई," ती म्हणाली. "त्या टायमाले दोन दिवस मी तुमाले चाय देत राह्यली, हसून बोलत राह्यली, अन् आतून पाय मोडला होता. मले कोनी सांगतलंच नाई. काल बी मी बरा हाय म्हनून निजली. तुमी जागे होते. मी काय परकी बाई हाओ का?"

कय्यूमला वाटत होतं, आपण दुखणं लपवतो ते तिला त्रास नको म्हणून. आज त्याला दिसलं की त्यानं तिला दोनदा मूर्ख बनवलं. त्याची त्याला खरोखर लाज वाटली. नवरीसमोर उठता आलं नाही त्याहून जास्त वाटली. तो म्हणाला, "आता सांगीन." ती म्हणाली, "पाहू," आणि भात चढवायला गेली.

डॉक्टरनं हाडाचा फोटो काढला. सळी जागेवर, हाड शाबूत, वरचं आवरण सुजलेलं. दोन आठवडे पळणं बंद, मग पळायचं थोडं, चालायचं थोडं, आणि हाडात दुखलं की जिथं असाल तिथं सोडून द्यायचं. चालणं ऐकून कय्यूमचं तोंड पडलं. मॅरेथॉनमध्ये चालायचं म्हणजे त्याला कपाळावर ज्येष्ठ लिहून घेतल्यासारखं वाटलं. पण त्यानं ऐकलं. तणसवाला ट्रॅक्टर आता त्याच्या चालण्याच्या वेळी सोबत यायचा आणि दोघांच्या छान गप्पा व्हायच्या.

शर्यतीच्या सकाळी चंद्रपुरात गर्दी होती. रंगीत बूट, मनगटावर घड्याळं, पाय ताणणारी पोरंपोरी. कय्यूम त्यांच्यात उभा राहिला आणि घाबरला. निघाल्यावर मात्र भीती गेली. सगळे सुसाट पुढं गेले, हा थोडं पळत, थोडं चालत राहिला. अर्ध्यावर त्यातले काही जण रस्त्याकडेला पोटऱ्या चोळताना दिसले, तेव्हा त्यानं प्रत्येकाची आपुलकीनं विचारपूस केली. त्यात थोडा आनंदही होता, तो नाकारण्यात अर्थ नाही.

उन्हं चढली. शेवटचे पाचसहा किलोमीटर राहिले आणि सळीचा उजवा पाय बोलू लागला. आधी हळू, मग जोरात. रामाळा तलावाच्या कडेला नाहीद मोपेड लावून उभी होती. तिनं त्याची चाल लांबूनच पाहिली.

तो तिच्याजवळ येऊन थांबला. पुढं शर्यत होती, महिन्यांचा घाम होता, आणि तोंडात जुनं उत्तर तयार होतं. काई नाई म्हटलं असतं तर कदाचित चाललंही असतं. खरं सांगितलं तर ती गाडीची किल्ली फिरवेल आणि मागं बस म्हणेल, हे त्याला दिसत होतं. तसं म्हणायचा तिला हक्क होता.

"दुखते," कय्यूम म्हणाला. "बम दुखते."

"कुठी?"

त्यानं घाई केली नाही. पाय टेकवला, भार दिला, नीट पाहिलं. "पोटरीत. हाडात नाई."

नाहीद खाली वाकली. तिचा अंगठा नडगीपर्यंत गेला, कय्यूमनं सवयीनं डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. अंगठा टेकला नाही. डोळे उघडले तेव्हा ती सरळ उभी होती आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढं धरली होती.

"पायत नाई का?" त्यानं विचारलं.

"तुमी सांगतलं ना," ती म्हणाली. "मंग जा. पोटरीनं कोनी मरत नाई."

कय्यूमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं घामात पुसून टाकलं आणि निघाला. पळत कमी, चालत जास्त, पण तो पोचला. पदक मिळालं, बनियनही मिळाली, थोडी घट्ट होती. शर्यत कशी झाली असं बाजारात कोणी विचारलं तर तो तलावापर्यंतचीच सांगतो. पुढचं नुसतं पळणं होतं, असं त्याचं म्हणणं.