देव नाही, पण भूत आहे

देवळावरून जाताना मामा दोन्ही हात खिशात घालायचे. चुकून जोडले जाऊ नयेत म्हणून! आणि तेच मामा मुकुंदवाडी स्टेशनाकडची चिंच आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

"देव कुनी पाह्यला? भूत म्या पाह्यलंय," असं वर ठणकावून सांगायचे.

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला हा मेकॅनिक रोज माझ्या सलूनमध्ये पेपर वाचायला यायचा. आरशावरच्या गणपतीला मी उदबत्ती लावली की मुद्दाम खोकायचा. मी देव मानणारा. भुताखेतांवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

"देवच नाही तर भूत कुठून आलं, मामा?"

"मानूस मेलं की भूत व्हतं. त्याला देवाची परवानगी लागती का?"

गिऱ्हाईक असं हसायचं की मला वस्तरा बाजूला ठेवावा लागायचा. तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं?

मामींना या वादाचा कंटाळा होता. त्यांचं एकच टुमणं, "मी आधी गेले तर एकटं राहू नका. गंगापूरला लेकीकडं जा." मामा म्हणायचे, "आधी जाऊन तर दाखव."

आणि मामी खरंच गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त.

दहावा कायगावला, गोदावरीच्या घाटावर. मुंडणाची डोकी करायला मी होतोच. मामांनी डोकं करू दिलं नाही. विधी पुतण्याने केले. लेकीच्या हट्टामुळे मामा आले होते, एवढंच.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. मेलेल्या माणसाची इच्छा अडली की कावळा शिवत नाही म्हणतात. पुतण्याने हात जोडले. "आई, बाबांना मी सांभाळीन गं," असं लेक पुन्हा पुन्हा म्हणाली. ऊन चढलं. पोरीला रडू आवरेना.

मामांचा चेहरा मात्र उजळला होता. ते माझ्या कानाशी आले. "जात नाय ती. माझ्यासंगं घरी येनार."

माझ्या अंगावर काटा आला, आणि रागही आला. "मामा, त्यांना काय हवं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बोला ना!"

"बोललो अन् गेली तर?"

मामांनी रडणाऱ्या लेकीकडे पाहिलं. मग उठून पिंडासमोर गेले.

"लेकीकडं राहीन गं मी. एकटा नाय राहनार. जा तू."

कावळा खाली आला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि जो तो चपला शोधू लागला. मामा जागचे हलले नाहीत.

"गेली का रे?" त्यांनी मला विचारलं.

जन्मभर देवाधर्माच्या बाजूने भांडलेला मी. पण त्या तोंडाकडे बघून 'हो' म्हणवेना.

"छे हो मामा. कावळ्याला भूक लागली होती, दुसरं काय?"

त्यांनी माझा हात घट्ट दाबला. "तसंच असंल," म्हणाले, आणि लेकीबरोबर तिथूनच गंगापूरच्या जीपमध्ये बसले.

आम्ही मुकुंदवाडीला निघालो. मिनीबसमध्ये दाटीवाटीने बसलो होतो. मामींच्या माहेरचे दोघे तर उभेच होते. येताना मामा बसले होते ती खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिथे बसा, असं कुणी कुणाला म्हणालं नाही. भूत न मानणारा मीसुद्धा नाही.