दुसरी पिन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादाच्या गाण्याची डिस्क खराब नव्हती.

दादा आणि मी एकाच गुरुजींकडे गाणं शिकलो. मी मध्येच सोडलं, तो गात राहिला. त्याच्या पहिल्या मोठ्या मैफलीची हाय-डेफिनिशन डिस्क घेऊन तो आईला दाखवायला माझ्याकडे आला. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटा. लॅपटॉपला डिस्क चालवायचा बाहेरचा ड्राइव्ह जोडला, डिस्क लावली आणि चित्र अडखळू लागलं. दादाचा हात हवेत थिजलेला, तोंड उघडं, आणि सूर मात्र केव्हाच पुढे निघून गेलेला.

आई म्हणाली, "अरे, हा गातोय की जांभई देतोय?"

दादाही हसला. "बघ बाबा, आता सगळं तुझ्या हातात."

खरंच माझ्या हातात होतं. त्या ड्राइव्हच्या वायरला लॅपटॉपमध्ये खोचायच्या दोन पिना असतात. एकीने वीज पुरत नाही, म्हणून दुसरीही लावायची. ती मी मुठीत धरून होतो. उगाच सेटिंग्ज उघडत-मिटत बसलो आणि शेवटी म्हणालो, "डिस्कच खराब आहे, दादा."

मत्सराला काही मोडावं-तोडावं लागत नाही. नुसतं जोडायचं टाळलं तरी त्याचं भागतं, आणि चेहरा कौतुकाचाच राहतो.

दादा डिस्क तिथेच टाकून गेला. नंतर दोन्ही पिना लावून मी ती एकट्याने पाहिली. फार सुंदर गातो तो.

आईची नजर आता मंदावत चालली आहे. तिला ती मैफल दाखवणं आणि दादाला खरं सांगणं, दोन्ही माझ्याकडून अजून राहिलंय.