मामीच्या गाण्यातला सांधा

मामांचा ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, मी जाळला. जाड सूर अडवणारा कपॅसिटर न लावताच तो थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडला.

मामा कित्येक वर्षं एकच ठरवत होते: आवाज कुठल्या सुरापाशी तोडून दोन स्पीकरमध्ये वाटायचा. कुठेही तोडला तरी मामीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांना दोन स्पीकरमधला सांधा ऐकू यायचा. दोष आपल्याच गळ्यात आहे असं समजून मामीने गाणंच सोडलं होतं.

ट्वीटर जळल्यावर वैतागून मामांनी उरलेला मधल्या सुरांचा स्पीकर एकटाच जोडला. गाणं अखंड वाजलं.

"सांधा गेला!" मामा ओरडले.

"गेला कसला? भाच्याने जाळला," म्हणत मामी गुणगुणू लागली.

"मामा, नवा ट्वीटर आणून देतो."

"आणून तर बघ! पुन्हा मला तोडायला बसतील," मामी म्हणाली.

मामा अजून नव्या ट्वीटरची वाट बघतायत.